चादरीवरचा सिनेमा

येरमाळ्याजवळच्या आमच्या गावात थिएटर नव्हतं. सिनेमा यायचा तो वर्गणीवर. गणपतीत गल्लीतली मोठी पोरं घरटी दहा रुपये गोळा करायची, कळंबहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्यानं आणायची आणि एका रात्रीत तीन पिक्चर उरकायची. पहिला देवाधर्माचा, म्हाताऱ्या माणसांसाठी. दुसरा घरगुती, बायकांनी डोळे पुसावेत असा. तिसरा मारामारीचा, तो सुरू होईपर्यंत निम्मी गल्ली पोत्यावर झोपलेली असायची. कुणी कुठं बसायचं, कुठल्या सीनला पोरांनी मान खाली घालायची, हे सगळं न सांगता ठरलेलं होतं. त्या खेळाला परवाना आहे का, हे कुणी विचारलं नाही.

हे सांगायचं कारण असं, की सिनेमा ही आमच्याकडं मुळात सोबत बसून पाहायची गोष्ट होती. जत्रेतल्या तंबूत काय किंवा गल्लीत काय, पडद्याइतकंच शेजारी कोण बसलंय याला महत्त्व होतं. मला पुढं कळलं, की ज्या सिनेमांत माझ्यासारखी माणसं होती त्यांचा इतिहासही असाच आहे. तोही वर्गणीचा, उसन्या यंत्रांचा आणि भिंतीवर टांगलेल्या चादरीचा. तो इतिहास मुंबईपासून आमच्या धाराशिव जिल्ह्यापर्यंत कसा पोचला, त्याची ही गोष्ट.

चादर आधी, पडदा नंतर

चादर ही नुसती उपमा नाही. फेब्रुवारी १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या काही समलिंगी तरुणांनी स्वतः काढलेल्या सुपर-८ फिल्म एकत्र केल्या आणि तिथल्या समाजकेंद्रात भिंतीवर चादर लावून दाखवल्या. त्या एका संध्याकाळीतून ‘फ्रेमलाइन’ हा महोत्सव उभा राहिला. आज जगातला सर्वांत जुना क्वीअर चित्रपट महोत्सव म्हणून त्याचं नाव घेतात.

आपल्याकडं मात्र अडचण फक्त पैशाची नव्हती. सिनेमॅटोग्राफ कायदा १९५२ चा. सिनेमा जाहीरपणे दाखवायचा तर त्याला सेन्सॉर बोर्डाचं प्रमाणपत्र लागतं. ते नसेल तर थिएटर बंद, टीव्हीही बंद. मग तेव्हा उरायच्या तीन वाटा: परदेशी महोत्सव, सरकारची वेगळी परवानगी घेऊन भरवलेले इथले महोत्सव आणि ओळखीच्या माणसांपुरते खासगी खेळ. फिल्म सोसायट्यांनी साठ-सत्तरच्या दशकांत यातलीच फट वापरून सभासदांना जगभरचे सिनेमे दाखवले. क्वीअर सिनेमाही त्याच फटीतून आत आला.

१९९६ साली रियाद वाडिया यांनी ‘बॉमगे’ नावाची बारा मिनिटांची फिल्म केली. हे ‘हंटरवाली’वाल्या वाडिया मूव्हीटोनच्या घराण्यातले. आर. राज राव यांच्या इंग्रजी कवितांवर बेतलेली ही फिल्म भारतातली पहिली उघडपणे ‘गे’ फिल्म मानली जाते. थिएटरात ती कधी लागली नाही. ज्यांनी पाहिली त्यांनी कुणाच्या तरी घरी किंवा एखाद्या महोत्सवात पाहिली.

श्रीधर रंगायन यांच्या ‘गुलाबी आईना’ची गोष्ट याहून बोलकी आहे. साल २००३. मुंबईतल्या दोन ड्रॅग क्वीनवरचा हा छोटा, चटपटीत सिनेमा. बोर्डानं त्याला प्रमाणपत्र नाकारलं, एकदा नव्हे, तीनदा. परदेशात तो महोत्सवांमधून फिरत राहिला आणि इथं तो पाहायचा तर कुणीतरी खुर्च्या मांडून, चार माणसं बोलावून दाखवायला हवा होता. म्हणजे बोर्डाच्या नकारानं सिनेमा थांबला नाही, त्यानं प्रेक्षकांना एका खोलीत आणलं. एरवी एकमेकांची नावंही ठाऊक नसलेली माणसं त्या निमित्तानं शेजारीशेजारी बसली.

प्रमाणपत्र असूनही

प्रमाणपत्र मिळालं म्हणजे सुटलो, असंही नव्हतं. दीपा मेहतांचा ‘फायर’ बोर्डानं पास केला आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये तो भारतात लागला. एका घरातल्या दोन जावा, दोघींची एकाकी लग्नं आणि त्यांचं एकमेकींत गुंतणं. शबाना आझमी आणि नंदिता दास. २ डिसेंबरला गोरेगावच्या सिनेमॅक्समध्ये शिवसैनिक घुसले, तोडफोड झाली, खेळ बंद पडला. दुसऱ्या दिवशी दिल्लीच्या रीगलमध्ये तेच झालं. सिनेमा पुन्हा बोर्डाकडं पाठवला गेला आणि १९९९ च्या सुरुवातीला काहीही न कापता परत आला.

तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. आमच्या गावात ‘फायर’ कुणी पाहिला नव्हता, पण त्याचं नाव सगळ्यांना माहीत होतं. पारावर त्याच्यावरून हशा व्हायचा. न पाहिलेल्या सिनेमावर आपलं गाव इतकं बोलतं, हे तेव्हा विचित्र वाटलं नाही. आज वाटतं.

त्या तोडफोडीचा एक परिणाम तोडणाऱ्यांच्या मनात नसणार. दिल्लीत रीगलच्या बाहेर मेणबत्त्या घेऊन लोक उभे राहिले आणि त्यांत ‘आम्ही भारतीय आहोत आणि लेस्बियनही आहोत’ अशा अर्थाचा फलक घेतलेल्या बायका होत्या. ‘कॅम्पेन फॉर लेस्बियन राइट्स’ हे व्यासपीठ त्यातून उभं राहिलं. सिनेमा बंद पाडला गेला आणि प्रेक्षक पहिल्यांदा उजेडात आला.

पुढं २००३ मध्ये मुंबईत ‘लर्जिश’ हा लैंगिकता आणि लिंगभावाच्या बहुविधतेवरचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव झाला. कोलकात्यात २००७ पासून ‘डायलॉग्ज’ सुरू झाला. बंगळुरातही महोत्सव उभा राहिला. हे सगळं कलम ३७७ लागू असताना. समलिंगी संबंध गुन्हा ठरवणारा कायदा डोक्यावर असताना लोक पास छापत होते, सबटायटल्स तपासत होते, चहाची ऑर्डर देत होते. चळवळीच्या इतिहासात मोर्चे येतात, निकाल येतात. खुर्च्या मांडणारे येत नाहीत.

लिबर्टीतली बाराशे खुर्च्यांची हिंमत

२ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयानं प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध ३७७ मधून बाहेर काढले. पुढच्याच वर्षी, एप्रिल २०१० मध्ये, मुंबईत श्रीधर रंगायन यांच्या पुढाकारानं ‘कशिश’ महोत्सव सुरू झाला. तोच माणूस, ज्याच्या सिनेमाला तीनदा नाही म्हटलं होतं. विशेष म्हणजे, हा महोत्सव माहिती व प्रसारण मंत्रालयाची परवानगी घेऊन, मल्टिप्लेक्समध्ये, सर्वांसाठी खुला होता. लपून पाहण्याची सवय झालेल्यांसाठी तिकीट खिडकीसमोर रांगेत उभं राहणं ही मोठी गोष्ट होती.

मग ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीचा निकाल फिरवला. लाखो माणसं एका दिवसात पुन्हा गुन्हेगार झाली. अशा वेळी कुणीही शहाणा माणूस छोटं सभागृह शोधेल. ‘कशिश’ मे २०१४ मध्ये मरीन लाइन्सच्या लिबर्टी सिनेमात गेला. १९४९ साली सुरू झालेलं, आर्ट डेको शैलीतलं, सुमारे १,२०० खुर्च्यांचं थिएटर. जिथं ‘हम आपके हैं कौन’ शंभराहून जास्त आठवडे चालला, तिथं.

या इतिहासातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच आहे. कायदा मागं गेला, तेव्हा प्रेक्षक मोठ्या थिएटरात गेले. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ३७७ चा तो भाग कायमचा काढला, त्याचं श्रेय अर्थातच याचिका करणाऱ्यांचं आणि वकिलांचं. पण त्याआधी आठ वर्षं माणसं दर उन्हाळ्यात एका अंधाऱ्या सभागृहात एकत्र हसायला शिकली होती, हेही त्या निकालाच्या मागं कुठंतरी आहे, असं मला वाटतं.

आमच्या घरातला ‘जोगवा’

हे सगळं मुंबईत. आमच्याकडं काय होतं?

आमच्याकडं टीव्ही होता. ‘उंबरठा’ मी टीव्हीवरच पाहिला. जब्बार पटेलांचा १९८२ चा सिनेमा, स्मिता पाटीलची सुलभा महाजन महिलाश्रमाची अधीक्षक. त्यात आश्रमातल्या दोन बायकांच्या नात्याचा एक प्रसंग आहे. तो आला तेव्हा वडील उठून पाणी प्यायला गेले. गल्लीतला नियम घरातही होता.

‘जोगवा’ची गोष्ट वेगळी झाली. राजीव पाटील यांचा हा सिनेमा २००९ चा. राजन गवसांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आणि चारुता सागरांच्या कथेवर आधारलेला. उपेंद्र लिमयेचा तायप्पा धडधाकट गडी. लघवीतून रक्त गेलं म्हणून गाव त्याला देवीचं बोलावणं समजतं, साडी नेसवतं आणि जोगत्या करतं. मुक्ता बर्वेची सुली केसात जट आली म्हणून देवाला सोडलेली. लिमयेला या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. टीव्हीवर लागला तेव्हा आमचं अख्खं घर बसलं होतं, कारण सिनेमा देवीचा होता. कुणी पाणी प्यायला उठलं नाही.

संपल्यावर आज्जी म्हणाली, “त्याला कुणी इचारलं का रं, तुला काय पायजे म्हणून?”

मी वीस वर्षांचा होतो. ते वाक्य मी माझ्यासाठी राखून ठेवलं.

आज ‘जोगवा’कडं पाहताना एक खटकतं. त्यातली साडी ही लादलेली आहे आणि सुटका म्हणजे ती उतरवणं. ज्याला साडी मनापासून हवी आहे, अशा माणसाला त्या गोष्टीत जागा नाही. आमच्या जिल्ह्यात तर ती माणसं डोळ्यांसमोर आहेत. तुळजाभवानीचे आणि येरमाळ्याच्या येडेश्वरीचे आराधी परडी, पोत आणि कवड्यांची माळ घेऊन निघतात, त्यांच्यात साडी नेसणारे पुरुष असतात. बायाबापड्या त्यांच्या पाया पडतात, त्यांच्या परडीत पीठ-मीठ घालतात. देवीच्या दारात ते चालतं. तोच माणूस उद्या म्हणाला, की मला अमुक गडी आवडतो आणि त्याच्यासोबत राहायचंय, तर पाया पडणारे हात दगड शोधतील. गाव रूप ओळखतं, पण त्या रूपाच्या आतल्या माणसाला स्वतःची इच्छा असू शकते, हे ओळखत नाही. आज्जीचा प्रश्न नेमका त्याबद्दल होता, आणि तो तिला सिनेमामुळं पडला होता.

महोत्सव फोनवर आला

२०२० च्या टाळेबंदीत पुण्यातली नोकरी गेली आणि मी गावी परतलो. त्या जुलैत ‘कशिश’ ऑनलाइन झाला. म्हणजे ज्या महोत्सवासाठी रात्रभर एसटीत बसून जायचं, खोटं कारण सांगायचं, रात्री कुठं टेकायचं ते शोधायचं, तो आमच्या माळवदावर आला. रेंज तिथंच यायची. मी गोधडी डोक्यावरून घेऊन, कानात इअरफोन घालून सिनेमे पाहिले.

तुमच्यातल्या अनेकांनी असंच पाहिलं असेल. फोननं आपल्याला काय दिलं, हे वेगळं सांगायला नको. वसईपासून उमरग्यापर्यंत कुणालाही आज दोन बोटांत ते मिळतं, जे ‘बॉमगे’च्या काळात चार माणसांच्या ओळखीशिवाय मिळत नव्हतं. सचिन कुंडलकरांचा ‘कोबाल्ट ब्लू’ २०२२ मध्ये थेट नेटफ्लिक्सवर आला. त्यांची मूळ मराठी कादंबरी २००६ ची आणि पुण्यातली, सिनेमा कोचीतला. एकाच पाहुण्याच्या प्रेमात पडलेले भाऊ आणि बहीण. मी तोही गोधडीतच पाहिला.

पण गोधडीत एक गोष्ट होत नाही. सिनेमा संपतो आणि तुम्ही होता तिथंच असता. एखाद्या विनोदावर दुसरं कुणी हसत नाही, त्यामुळं तो खरंच विनोदी होता की तुम्हालाच वाटला, कळत नाही. रडू आलं तर तोंड दाबावं लागतं. १९७७ ची ती चादर काय किंवा लिबर्टी काय, तिथं माणसं सिनेमापेक्षा जास्त काहीतरी पाहायला जात होती. ती एकमेकांना पाहायला जात होती. फोनवर सिनेमा पोचला, एकमेक पोचले नाहीत.

तुळजापूरची खोली

म्हणून २०२२ च्या हिवाळ्यात आम्ही तुळजापुरात एका मित्राच्या भाड्याच्या खोलीत खेळ लावला. ज्यांच्याबद्दल पुढं लिहितोय त्यांना विचारलंय आणि ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. लग्नसमारंभांचं शूटिंग करणाऱ्या एका ओळखीच्याकडून छोटा प्रोजेक्टर आणला. खिळ्यांना चादर बांधली. तिच्यावर फुलं होती, म्हणून उलटी लावली, तरी फुलं दिसतच होती. आम्ही सात जण. पोस्टर नाही, फोटो नाही, ग्रुपवर नाव नाही.

सातवी व्यक्ती आमच्यातल्या एकाची आई होती. त्यानं महिनाभरापूर्वी तिला फोनवर सांगितलं होतं, की मुलीकडच्यांना नाही म्हण, मला मुली आवडत नाहीत. त्यावर ती काहीच बोलली नव्हती. मंगळवारी देवीच्या दर्शनाला म्हणून आली, तो तिला चहाला खोलीवर घेऊन आला. आम्ही सिनेमा बदलायचा का, यावर बाहेर दबक्या आवाजात भांडलो. शेवटी बदलला नाही.

सिनेमा होता श्रीधर रंगायन यांचा ‘ईव्हनिंग शॅडोज’, २०१८ चा. दक्षिणेतल्या एका छोट्या गावी मुलगा मुंबईहून घरी येतो, घरात लग्नाची बोलणी सुरू असतात आणि तो आईला आपण समलिंगी असल्याचं सांगतो. आईचं काम मोना आंबेगावकर यांनी केलंय. सिनेमा बराचसा त्या आईचाच आहे: तिला आता ही गोष्ट घेऊन नवऱ्यासोबत त्याच घरात राहायचंय.

मध्येच घरमालकानं दार वाजवलं. आवाज जरा कमी करा, एवढंच सांगायला. पण दार वाजल्यावर सहा जणांचे चेहरे कसे झाले, ते त्या बाईंनी पाहिलं. मला वाटतं, सिनेमाहून जास्त त्यांना त्या क्षणी कळलं.

संपल्यावर कुणी दिवा लावेना. मग त्याच म्हणाल्या, “तिच्या नवऱ्यानं पुढं छळलं नसंल ना तिला?”

मुलाबद्दल नाही, आईबद्दल विचारलं. आम्ही सगळे मुलाची काळजी करत आलो होतो. घरी राहून नवऱ्याला, दिरांना, भावकीला तोंड कुणाला द्यावं लागतं, हे आमच्यातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. थोड्या वेळानं त्यांनी पोराला विचारलं, “तुला कवापासून ठावं हाय?”

“आठवीपासून.”

“म्हंजे त्या वर्षी मार्क पडले नव्हते ते…”

“हां.”

त्या वर्षी तिनं त्याला पोकळ बांबूनं मारलं होतं, हे त्यानं नंतर सांगितलं. तेव्हा तिनं नुसतं चहाचे कप गोळा केले आणि मोरीत नेऊन विसळले. सगळे म्हणत होते, राहू द्या मावशी. तिनं ऐकलं नाही.

हा शेवट गोड आहे, असं समजू नका. ती अजूनही त्याला अधूनमधून विचारते, की डॉक्टरला दाखवू का. वडिलांना सांगितलेलं नाही. पण स्थळं बघणं थांबलंय आणि का थांबलं, हे भावकीला ती स्वतः काहीतरी सांगते. काय सांगते, ते तिनं पोरालाही सांगितलेलं नाही.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी

जानेवारी २०२५ मध्ये रोहन परशुराम कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्स महोत्सवात वर्ल्ड सिनेमा विभागाचा ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळाला. तिथं गेलेला तो पहिला मराठी सिनेमा. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद आणि गावातला त्याचा जुना मित्र बाळ्या. कानवडेंनी याआधी ‘उ उषाचा’ ही लघुफिल्म केली होती, त्यात एक शेतमजूर बाई गावातल्या शिक्षिकेकडं ओढली जाते आणि लिहा-वाचायला लागते.

‘साबर बोंडं’ १९ सप्टेंबरला थिएटरात आला. मी २१ तारखेला, रविवारी, पुण्याला जाऊन पाहिला. सुतकातले नियम, पायात चप्पल नसणं, ‘लग्नाचं काय’ म्हणून सतवणारे नातेवाईक, सगळं आमच्या घरचं होतं. सभागृह भरलेलं नव्हतं, पण माझ्या पुढच्या रांगेत एक पोरगा त्याच्या आईला घेऊन आला होता.

रात्रीच्या गाडीनं परतताना रस्ता पोरांनी भरलेला होता. दुसऱ्या दिवशी घटस्थापना, त्यामुळं तुळजापूरहून भवानी ज्योत घेऊन आपापल्या गावाकडं अनवाणी पळणारे जथे. मी विचार करत होतो, की यांच्यातल्या किती जणांच्या फोनमध्ये, किती गोधड्यांत, कुठला कुठला सिनेमा असेल.

आमची खोली अजून आहे. तेव्हापासून पाच-सहा खेळ झाले. प्रत्येक वेळी प्रोजेक्टर मीच चालवतो. त्यात एक सोय आहे: यंत्राच्या मागं बसलेल्या माणसाकडं कुणी पाहत नाही आणि त्याला कुणी प्रश्न विचारत नाही. दुसऱ्यांच्या आयांना चहा देताना मी बरा आहे. माझ्या आईला मी अजून खोलीवर आणलेलं नाही. आज्जी गेली, तिला आणायचं राहिलंच.

आई पुढच्या महिन्यात दर्शनाला येणार आहे. मंगळवारी. कुठला सिनेमा लावायचा, ते ठरत नाहीये. मित्राची आई म्हणते, “कुठलाबी लाव. मी बसते तिच्याशेजारी.”